वहीतले चौदा मृत्यू

सांगलीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी अकरावीत, विज्ञान शाखेत. सुट्टीत चुलत भावंडं जमली की गेमवरून वाद रंगतात: अवघड गेमला सोपी पातळी असावी का, शत्रू इतके बावळट का, नायिका असली की मुलं नाकं का मुरडतात. ती हे सगळं एका वहीत लिहून ठेवते. "हिला गेम डिझाइनमध्येच जायचंय. हे खूळ आहे की खरंच काम आहे, ते स्पष्ट सांगा," असं वडील विचारतात. सोबत वहीच्या चार पानांचे फोटो आहेत.

नमस्कार,

तुमचं पत्र एकदा वाचलं, लेकीची पानं तीनदा. एका पानावर तिने 'सेकिरो' या गेममधल्या साखळदंडाच्या राक्षसाशी झालेल्या लढती लिहिल्यात. एक ते चौदा, प्रत्येक मरणापुढे कारण. "उडी उशिरा." "पुन्हा पकडला." "घाई केली." आणि चौदाव्यानंतर: "शिपाई बोलत होते, ते मी ऐकलंच नाही!" बरोबर पकडलंय तिने. शिपायांचं ते बोलणं लपून ऐकलं तर कळतं की लाल डोळ्यांचे हे शत्रू आगीला भितात. 2019 च्या या गेममध्ये सोपी पातळी निवडायची सोय नाही, पण मदत आहे आणि ती गोष्टीच्या पोटात ठेवलेली आहे. हरल्यावर कंट्रोलर आपटणारी मुलं पुष्कळ पाहिली. आपण का हरलो, हे ओळीने मांडणारं मूल क्वचित भेटतं. गेम डिझायनरचं निम्मं काम हेच असतं.

दुसऱ्या पानावर ठसठशीत अक्षरांत आहे, "ज्यांना जमत नाही त्यांनी खेळू नये." आणि त्याखाली बारीक अक्षरात, "मग दादाने काय करायचं?" तिच्या चुलत भावाच्या उजव्या हाताच्या बोटांत जन्मापासून ताकद कमी आहे, हे तुमच्या पत्रात आहेच. ही बारीक ओळ मला फार मोलाची वाटली. तिने 2018 चा 'सेलेस्ट' जरूर खेळावा. मॅडेलिन नावाची मुलगी डोंगर चढते, एवढीच गोष्ट. गेम चांगलाच कठीण आहे, पण त्यातला साहाय्यक मोड चालू केला की खेळाचा वेग दहा-दहा टक्क्यांनी निम्म्यापर्यंत उतरवता येतो. डोंगर तोच राहतो, बोटांना अवधी मिळतो. 'द लास्ट ऑफ अस पार्ट 2' मध्ये तर अशा सोयी साठाहून जास्त आहेत. अवघड नक्की कशाला, डोक्याला, डोळ्यांना की बोटांना? दादाला शेजारी बसवून तिने हे शोधायला हवं.

शत्रूंबद्दल मात्र मी तिच्याशी सहमत नाही. "पहारेकरी दहा सेकंदांत सगळं विसरतो, हे खोटं वाटतं," असं ती लिहिते. खरं आहे. पण खरा पहारेकरी शिट्टी मारून पंचवीस जण गोळा करेल आणि लपाछपीचा खेळ तिथेच संपेल. 'हेलो' हा गेम बनवणाऱ्या बंजी कंपनीच्या लोकांना चाचण्यांत दिसलं होतं की शत्रू जास्त फटके सोसणारा केला, की खेळणाऱ्यांना तो जास्त हुशार वाटतो. 2014 च्या 'एलियन: आयसोलेशन'मध्ये तर त्या एलियनला दोन मेंदू आहेत म्हणा ना. एकाला तुम्ही कुठे आहात ते कायम ठाऊक असतं, पण तो दुसऱ्याला नुसता अंदाज देतो, "त्या बाजूला बघ." पुढचा शोध त्या दुसऱ्याने स्वतःच्या कानांनी आणि डोळ्यांनी घ्यायचा. म्हणून भीती वाटते आणि निसटायला वावही राहतो.

नायिकेचा वाद जुना आहे. 1986 च्या 'मेट्रॉइड'मध्ये चिलखताआड बाई आहे हे खेळ भराभर संपवणाऱ्यालाच शेवटी दिसायचं. 1996 मध्ये 'टॉम्ब रेडर' गेमची नायिका लारा क्रॉफ्ट आली, तेव्हापासून तिच्या शरीराच्या बांध्यावरून वाद आहेतच. तुमच्या लेकीने 'राजी' बघावा. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या स्टुडिओने बनवलेला, 2020 मध्ये आलेला गेम. धाकट्या भावाला शोधत निघालेली, सर्कशीत कसरती करणारी पोर. ती भिंतीवरून धावते, खांबाला गरगर फिरून वार करते. ती कोण आहे हे तिच्या लढण्यातच दिसतं. भावंडांशी तासभर भांडण्यापेक्षा तो एक खांब नीट न्याहाळावा.

आता तुमचा प्रश्न. काम खरं आहे, पण निव्वळ डिझायनरच्या जागा थोड्या असतात. प्रोग्रामर, चित्रकार आणि चुका शोधणारे टेस्टर जास्त लागतात, आणि बरेच जण त्याच दारांनी आत येतात. आपल्याकडे मोबाइल गेमचं आणि परदेशी कंपन्यांसाठीचं काम बरंच चालतं. पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओही आहे. बारावीनंतर आयआयटी मुंबईच्या बी.डेस. या डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड ही परीक्षा आहे, ती कोणत्याही शाखेच्या मुलांना देता येते. एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा डिजिटल गेम डिझाइनचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे, म्हणून इंजिनिअरिंग केलं तरी ती वाट बंद होत नाही. तिचं गणित बरं असेल तर ते सुटू देऊ नका. खासगी संस्थेत लाखो रुपये भरण्याआधी तिथल्या मुलांनी पुरे केलेले गेम मागा आणि स्वतः खेळून बघा. दाखवायला टाळाटाळ झाली तर उठून या.

या सुट्टीत तिला गोदो हे गेम बनवायचं मोफत सॉफ्टवेअर उतरवून द्या. एक खोली, एक दार, एक पहारेकरी, बस्स. त्याची विसरण्याची वेळ तीन सेकंद, दहा सेकंद, तीस सेकंद अशी बदलून दादाला, तुम्हाला, आजीला खेळायला बसवावं. तिने तोंडातून शब्द काढायचा नाही. कोण कुठे थांबलं, कोणाचा हात कुठे घुटमळला, एवढंच त्या वहीत लिहायचं. हे तिला पहिल्या दिवशी जड जाईल. सांगायचा मोह फार होतो.

खोली तयार झाली की मला पाठवायला सांगा. मी खेळेन, आणि माझी मरणंही तिच्यासारखी कारणांसकट लिहून कळवेन.