उन्हाळी सुट्टीत सरकारी कार्यालयात इंटर्नशिप : मानधनाचं काय?

पदवीचं शिक्षण चालू असताना सुट्टीत एखाद्या सरकारी कार्यालयात काम करायचंय, पण फुकट राबणं घरच्या परिस्थितीमुळे शक्य नाही, अशी पत्रं सध्या सतत येताहेत. त्यांतल्या पाच पत्रांना इथे उत्तरं देतो.

प्रश्न : मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पंतप्रधान इंटर्नशिप योजना आणि मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, दोन्हींत विद्यावेतन मिळतं असं मैत्रिणी म्हणतात. या सुट्टीत कुठे अर्ज करू?

यांपैकी एकही योजना तुमच्यासाठी नाही. हे आत्ताच कळलेलं बरं, नाहीतर एप्रिल-मे कागदपत्रं गोळा करण्यात जातील. पंतप्रधान योजना 2024 मध्ये सुरू झाली तेव्हा वयाची अट 21 ते 24 होती, मुदत बारा महिने होती आणि पूर्णवेळ शिकणाऱ्यांना अर्जच करता येत नव्हता. शिवाय काम मोठ्या कंपन्यांत, सरकारी कचेरीत नव्हे. राज्याच्या योजनेत सरकारी कार्यालयं होती आणि बारावी उत्तीर्णाला महिना 6,000, पदवीधराला 10,000 रुपये असं विद्यावेतनही ठरलं होतं. पण ज्यांचं शिक्षण चालू आहे ते अपात्र, हे शासन निर्णयात स्पष्ट लिहिलं होतं. मुख्यमंत्री फेलोशिप पदवीधरांसाठी आहे. महापालिका-नगरपरिषदांमधल्या इंटर्नशिपचा 'ट्युलिप' हा केंद्राचा उपक्रम 2020 मध्ये आला, तोही नुकतीच पदवी मिळालेल्यांसाठी. महाविद्यालयातला प्रवेश लपवून अर्ज भर, असा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका.

कायद्याच्या विद्यार्थ्यांना मात्र एक चांगली वाट आहे. रिझर्व्ह बँकेच्या उन्हाळी इंटर्नशिपला महिना 20,000 रुपये मिळतात. ती मुख्यतः पदव्युत्तर विद्यार्थ्यांची असली, तरी पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमातल्या आणि तीन वर्षांच्या विधी पदवीच्या विद्यार्थ्यांना खुली असते. तिचे अर्ज आदल्या वर्षी दिवाळीच्या आगेमागे निघतात. मे महिन्यात शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

प्रश्न : नीती आयोगाच्या इंटर्नशिपसाठी मी पात्र आहे, बारावीला 88 टक्के आहेत. पण तिथे मानधन नाही आणि वडील रिक्षा चालवतात. कर्ज काढून दिल्लीला जाऊ का?

नको. कर्ज काढून तर अजिबात नको.

नीती आयोगाची इंटर्नशिप विनावेतन असते आणि किमान सहा आठवड्यांची असते. तिथे शिकायला मिळतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण परक्या शहरात दीड महिन्याची खोली, दोन वेळचं जेवण आणि जाण्यायेण्याचं भाडं एका कागदावर मांडा. दुसऱ्या बाजूला त्या दीड महिन्यात तुम्ही शिकवण्या घेऊन किंवा दुकानात काम करून घरी जे आणलं असतं ते लिहा. या दोन्हींची बेरीज म्हणजे त्या प्रमाणपत्राची खरी किंमत. ज्याच्या घरी ती सहज भरली जाते, तोच जातो. मग धोरणं जिथे लिहिली जातात त्या टेबलाभोवती रिक्षाचालकाच्या, शेतमजुराच्या घरातलं मूल नसतंच. रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्या मुलीला अन्नसुरक्षेच्या टिपणीत काय खटकेल, हे तिच्याशिवाय तिथे कोण सांगणार? म्हणून मानधनाचा आग्रह धरण्यात लाजण्यासारखं काही नाही.

प्राचार्यांना एक अर्ज मात्र जरूर द्या. माजी विद्यार्थी संघाकडून प्रवास आणि निवासाचा खर्च मिळाला तर आनंदाने जा. नाही मिळाला तर पुढचं उत्तर वाचा.

प्रश्न : आमच्या नगरपरिषदेत किंवा जिल्हा परिषदेत इंटर्नशिप कशी मागायची? जाहिरात तर कुठेच दिसत नाही.

बहुतेक ठिकाणी जाहिरात निघत नाही, जागा मागून घ्यावी लागते. माझ्या अनुभवात विद्यार्थी इथे एकच चूक करतात : "कोणतंही काम द्या" असं लिहितात. ते पत्र वाचून अधिकाऱ्याला तुमच्यासाठी काम शोधत बसावं लागतं आणि तेवढी उसंत त्याला नसते. त्याऐवजी काम तुम्हीच सुचवा. वर्षभरात आलेल्या पाणीपुरवठ्याच्या तक्रारी प्रभागवार मांडून देतो, कोणत्या तक्रारीला किती दिवस लागले ते काढतो. अंगणवाड्यांची यादी घेऊन प्रत्येक ठिकाणी नळ आणि शौचालय चालू आहे का ते पाहून येतो. ठरलेल्या मुदतीत सरकारी सेवा मिळण्याचा हक्क देणारा राज्याचा सेवा हक्क कायदा 2015 पासून लागू आहे. त्याखालच्या सेवांचे फलक ग्रामपंचायतींत लागलेत का, लोकांना ते वाचता येतात का, हे नोंदवतो. अशा कामाला सहा आठवडे पुरतात आणि शेवटी कार्यालयाच्या हाती उपयोगी कागद पडतो.

नगरपरिषदेत पत्र मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावे द्या. सोबत महाविद्यालयाचं शिफारसपत्र हवंच. आवक विभागात देऊन पोच घ्या, आवक क्रमांक जपून ठेवा आणि आठवड्याने स्वतः जाऊन भेटा.

मानधनाबद्दल स्पष्ट सांगतो. विद्यार्थ्याला द्यायला वेगळं लेखाशीर्षच (खर्चाची मंजूर बाब) नाही, असं उत्तर अनेक ठिकाणी मिळेल, आणि ते खरंही असतं. तरी पत्रात शेवटी एक ओळ लिहा : "मानधन शक्य नसल्यास क्षेत्रभेटींचा प्रत्यक्ष प्रवासखर्च मिळावा." माझ्या एका विद्यार्थिनीला या एका ओळीमुळे गावोगावच्या एसटीचे पैसे मिळाले होते. रक्कम लहान होती, पण त्याशिवाय तिने तिसऱ्याच आठवड्यात काम सोडलं असतं. जे ठरेल ते रुजू होण्याआधी लेखी घ्या. तोंडी कबुली देणाऱ्या साहेबांची बदली झाली, की नव्या साहेबांना त्यातलं काहीच ठाऊक नसतं.

प्रश्न : हे काम पदवी अभ्यासक्रमातल्या ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) किंवा फील्ड प्रोजेक्टच्या श्रेयांकांत, म्हणजे क्रेडिटमध्ये, धरलं जाईल का?

धरलं जाऊ शकतं, पण परवानगी आधी घ्यावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात इंटर्नशिपच्या एका श्रेयांकाला 30 तास मोजले आहेत, म्हणजे चार श्रेयांकांना 120 तास. रोज पाच तास धरले तर चोवीस दिवसांत होतात. विभागप्रमुखांची लेखी मंजुरी, रोजची कामाची वही आणि त्यावर कार्यालयातल्या मार्गदर्शकाची सही, एवढं सांभाळा. सुट्टी संपल्यावर सह्या मागत फिरलेले विद्यार्थी दरवर्षी पाहतो आणि वाईट वाटतं.

प्रश्न : मुलगी तहसील कार्यालयात इंटर्नशिप करायची म्हणते. पुढे तिथेच चिकटेल का? आणि नुसत्या झेरॉक्स काढायला लावल्या तर? (एक पालक)

चिकटणार नाही. सरकारी नोकरी स्पर्धा परीक्षेतून किंवा रीतसर भरतीतूनच मिळते. इंटर्नशिपच्या बदल्यात नोकरीचं आश्वासन देऊन कुणी पैसे मागितले तर तिथून सरळ उठून या.

झेरॉक्सचं म्हणाल तर पहिला आठवडा तसा गेला तरी चालेल. कोणती फाईल कुणाच्या टेबलावरून कुठे जाते आणि कुठे अडते, हे त्यातच समजतं. दुसऱ्या आठवड्यातही तेच चाललं तर मुलीने मंजूर पत्र घेऊन मार्गदर्शकाला भेटावं आणि ठरलेलं काम मागावं. फायलींतली माणसांची नावं, आधार क्रमांक किंवा जमिनीची कागदपत्रं यांतलं काहीही मोबाइलमध्ये टिपून घरी आणायचं नाही, हे मात्र तुम्ही तिला पहिल्याच दिवशी सांगा.