पीळ शाबूत, तरीही फाइल तुटली

प्रश्न: रूट कॅनॉल करताना खालच्या दाढेच्या मेसियल (पुढच्या मुळातल्या) कॅनॉलमध्ये २५ नंबरची, ६ टक्के टेपरची (निमुळतेपणाची) रोटरी फाइल, म्हणजे कॅनॉल घासणारी मोटरवरची पीळदार सुई, तुटली. त्या फाइलची ही पाचवी केस. चौथ्या केसनंतर पाहिली तेव्हा पीळ एकसारखा होता. मग फाइल कधी टाकायची, हे ओळखायचं कसं?

उत्तर: निकेल-टायटॅनियमची फाइल दोन तऱ्हांनी तुटते, आणि त्यातली एकच आधी दिसते. टोक कॅनॉलमध्ये अडकलं आणि मोटर फिरतच राहिली, की पीळ उलगडतो. लूप (डोळ्यांवरचं भिंग) लावून, फाइल दिव्याखाली बोटांत हळूहळू फिरवा. पीळ लांबलेल्या जागी सपाट, चकचकीत ठिपका दिसतो. दिसला की फाइल लगेच टाका.

तुमची फाइल बहुधा थकून तुटली. वळणात फिरताना तिची एक बाजू दाबली जाते, दुसरी ताणली जाते. प्रत्येक फेऱ्याला हे उलटसुलट होतं. मिनिटाला ३०० फेरे धरले तर दहा सेकंदांत ५० वेळा. धातूत बारीक तडा वाढत जातो, पीळ मात्र तसाच राहतो. त्याच वळणात जाड फाइल बारकीपेक्षा लवकर थकते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. म्हणून डोळ्यांवर नाही, मोजणीवर भिस्त ठेवा. फाइलच्या डबीत चिठ्ठी ठेवा आणि केस नव्हे, कॅनॉल मोजा: तीन कॅनॉलची दाढ म्हणजे तीन वापर. तीव्र वळणाचा किंवा कॅल्सिफाइड (क्षार साठून अरुंद झालेला) कॅनॉल केला, की ती फाइल पुन्हा वापरू नये, असं आमचं ठाम मत आहे. पाकिटावर एकदाच वापरा असं लिहिलं असेल तर प्रश्नच मिटला.

उष्णताप्रक्रिया केलेल्या मऊ फाइलींचं वेगळं. त्यांचा पीळ थोडा उलगडला तरी ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करण्याच्या यंत्रात) परत जुळतो. जुळला नाही तर टाकाच. आणि जुळला म्हणजे थकवा गेला, असं मुळीच नाही.

अडकणं टाळायचं असेल तर आधी १० आणि १५ नंबरची के-फाइल (हाताने फिरवायची बारीक फाइल) पूर्ण लांबीपर्यंत सैल जाऊ द्या. रोटरी फिरतच आत जावी, फिरतच बाहेर यावी. एका जागी थांबवू नका, दाबू नका. तीन-चार हलक्या टोच्यांनंतर बाहेर काढून ओल्या गॉझने पीळ पुसा, हायपोक्लोराइटने (जंतुनाशक द्रावणाने) कॅनॉल धुवा. दाताच्या भुशाने भरलेला पीळ कापत नाही, नुसता घासतो, आणि मग हात आपोआप जोर लावतो. टॉर्क (मोटरचा पिळण्याचा जोर) कंपनीने त्या फाइलला दिलेलाच ठेवा. मोटरवर आधीच्या फाइलचा आकडा तसाच राहून जातो.