घोडा झाला तरी हॅलोविनला जाऊ दे

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. लेक तेरा वर्षांचा झालाय, मिसरूड फुटायला लागलंय, आणि तरी यंदा मित्रांबरोबर ट्रिक ऑर ट्रीटला जायचं म्हणतो, वर "आई तू येऊ नकोस" असंही सांगून मोकळा झाला. बाबांचं म्हणणं एवढा घोडा झाला, आता दारोदार चॉकलेटं मागत फिरणं शोभतं का. आणि तुम्ही दोघांच्या मधे.

मला विचाराल तर जाऊ दे त्याला, मनापासून सांगते.

आम्ही बरीच वर्षं अमेरिकेत आयोवा राज्यात डिमॉइनला होतो. तिथे ट्रिक ऑर ट्रीटच्या रात्रीला बेगर्स नाइट म्हणतात, १९३८ पासूनची पद्धत आहे, ३१ ऑक्टोबरला, हॅलोविनला, टवाळ पोरं फार नासधूस करायची म्हणून गावाने तेव्हा आदल्या दिवसाची, ३० ऑक्टोबरची संध्याकाळ मुलांसाठी काढून दिली, आणि चॉकलेट हवं तर दारात आधी जोक सांगायचा. माझी मुलगी सहा वर्षांची असताना आठवडाभर एकच जोक घोकत होती, सांगाडा पार्टीला का गेला नाही, तर ही हॅड नो बॉडी टू गो विथ. पहिल्या दारात गेली आणि आधी उत्तरच सांगून बसली, मग माझ्या कोटात तोंड खुपसून रडली, त्या आजींनी तिला शांतपणे परत पहिल्यापासून सांगायला लावला आणि पोट धरून हसल्या. त्या वयात हॅलोविन म्हणजे आईचा हात धरून अनोळखी दारासमोर उभं राहायचं धाडस, बस.

नऊ-दहाची झाल्यावर सगळा बाजार. कुठल्या घरी फुल साइझ बार मिळतो हे पाठ, घरी आल्यावर कार्पेटवर ढीग ओतून मैत्रिणींशी सौदे, दोन लॉलीपॉपला एक किटकॅट. (शाकाहारी असाल तर गमी बेअर, मार्शमेलो, कँडी कॉर्न आधी बाजूला काढा, जिलेटिन असतं.) आणि तेराव्या वर्षी नुसते मांजराचे कान लावून हुडीत निघाली, चॉकलेटाचं काहीच नव्हतं तिला, तिला हवी होती अंधार पडल्यावर मैत्रिणींबरोबर मोठ्यांशिवाय रस्त्यावर फिरायची परवानगी. तुमच्या लेकाचंही तेच चाललंय असं मला वाटतं. हे मागणं चांगलं आहे हो, तो बेसमेंटमध्ये फोन घेऊन बसत नाहीये.

त्याच्या बाबांना आपला शिमगा आठवून बघायला सांगा, तुम्ही लिहिलंय ते कोकणातले म्हणून. माझं माहेर गुहागरकडचं. संकासुराचं सोंग घेतलेला माणूस यायचा, काळे कपडे, उंच टोपी, कमरेला घुंगरं, लहानपणी त्या आवाजानेच मी आजीच्या पदरात शिरायचे. दहाव्या वर्षी आम्ही पोरं त्याला चिडवत त्याच्या मागे धावायचो, आणि पुढे एका वर्षी टोपीखालून आवाज आला तो माझ्याच चुलतभावाचा. त्याला कुणी म्हटलं नाही की आता मोठा झालास, सोंग बस कर.

इकडे मात्र म्हणणारे आहेत. व्हर्जिनियातल्या चेसापीक शहरात बारा वर्षांवरच्या मुलांनी ट्रिक ऑर ट्रीट केलं तर चक्क तुरुंगाची तरतूद होती, २०१९ मध्ये ती काढली आणि वय चौदा केलं. तेव्हा तुमच्या गावाचे नियम आणि वेळा एकदा सिटीच्या वेबसाइटवर बघून घ्या, गावोगाव वेगळ्या असतात. बाकी त्याच्याशी स्पष्ट बोला, कॉश्च्युम हवाच, साधा चालेल पण हवा, पोर्च लाइट बंद असेल त्या घराची बेल वाजवायची नाही, चिल्लीपिल्ली दारात असतील तर त्यांना आधी जाऊ द्यायचं, टॉर्च आणि फोन जवळ, साडेआठला घरी. चॉकलेटात कुणी विष घालेल ही भीती तुम्ही लिहिलीत, तर डेलावेअर विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट १९५८ पासूनच्या केसेस तपासत आलेत आणि अनोळखी माणसाने वाटलेल्या खाऊने मूल दगावल्याची एकही पक्की केस त्यांना मिळाली नाही. खरी भीती गाड्यांची असते, म्हणून काळ्या कपड्यांवर रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवाच.

आणि तुमचं स्वतःचं. "येऊ नकोस" ऐकून तुम्हाला रडू आलं असं लिहिलंत, मलाही आलं होतं. त्या वर्षी मी पहिल्यांदा पूर्ण संध्याकाळ घरी थांबले, पोर्चमध्ये खुर्ची टाकली, मांडीवर चॉकलेटांचं पातेलं, आणि एक एवढीशी भोपळा झालेली मुलगी जोक विसरून माझ्याकडे नुसती बघत राहिली. मी तिला म्हटलं सावकाश, परत पहिल्यापासून सांग. तुम्ही पण बसा दारात. आणि कुणी उंच, आवाज फुटलेला मुलगा आला तर त्याला वय विचारू नका, मूठभर द्या, तोही कुणाचा तरी तेरा वर्षांचा आहे.

साडेआठला लेक येईल, पिशवी कार्पेटवर उपडी करेल. तेव्हा फोन बाजूला ठेवून तिथे जाऊन बसा. कुठे गेलात, कोण होतं, काही विचारू नका. माझी मुलगी तेराव्या वर्षीही शेंगदाण्याची चॉकलेटं निवडून बाबांसाठी वेगळी ठेवायची, आणि ते करता करता आपणहून सगळं सांगायची.