कारागृहाची परवानगी नाही आली, मग संशोधन सोडायचं?

"मॅडम, तीन महिने झाले, कारागृहाकडून उत्तर नाही. विषय बदलू का?" गुन्हेशास्त्र विभागात एम.ए. करणारी मुलगी अर्जाची पोच घेऊनच आली होती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वर्गातल्या दोघांना सरांच्या प्रकल्पावर घेतलं, हिला नाही. आपल्याला संधी मिळणारच नाही, असं तिनं धरून ठेवलं होतं.

हीच काळजी घेऊन दरवर्षी मुलं येतात. गुन्हेशास्त्रातलं संशोधन म्हणजे कैद्यांच्या मुलाखती, असं त्यांना वाटतं. पहाऱ्यात बसलेल्या माणसाचा होकार कितपत मोकळा असतो? तिथे कडक परवानग्या असायलाच हव्यात, असं माझं ठाम मत आहे.

"तुला नेमकं काय शोधायचंय?"

"कच्च्या कैद्यांचे प्रश्न." मग सहज म्हणाली, "बाबा कोर्टात बेलीफ आहेत. जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही म्हणून माणसं आतच राहतात, असं ते घरी सांगतात."

मी तिला तिथेच थांबवलं. विषय तिच्या घरातच होता. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या (एनसीआरबी) अहवालानुसार 2022 अखेर देशातल्या 5,73,220 कैद्यांपैकी 4,34,302 कच्चे, म्हणजे खटला अजून संपलेला नसलेले कैदी होते. जामिनानंतर सात दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृह अधीक्षकानं मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवावं, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2023 मध्ये सांगितलं आहे. अहवाल आणि निकाल कुणालाही वाचता येतात. कोर्टाचं कामकाजही, काही प्रकरणं सोडली तर, खुलंच असतं.

"दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात मागच्या बाकावर बस. नावं लिहू नकोस. संशोधनाच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी येईपर्यंत आवारात कुणाला प्रश्नही विचारू नकोस, फक्त ऐक. मग सरांकडे दोन पानांचं टिपण घेऊन जा. 'मला प्रकल्पावर घ्या' म्हणू नकोस, 'हे वाचाल का' म्हण."

तीन आठवडे ती रोज गेली. पहिल्या आठवड्यात कंटाळली, फोनही केला. प्रकल्पावर सरांनी तिला शेवटपर्यंत घेतलं नाही, पण प्रबंधाला मार्गदर्शन करायचं कबूल केलं.

परवा ती वही घेऊन आली. तिनं स्वतःच एक रकाना वाढवला होता: जामिनाची रक्कम ठरवताना आरोपीच्या कमाईबद्दल कुणी विचारलं का? ओळीमागून ओळ 'नाही' लिहिलेलं. सरांनी त्याच रकान्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली होती.