अकरा प्लेट आणि आठ महिने

अजिनोमोटो खाल्लं तर चालतं का, हा प्रश्न माझ्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी घेऊन येतंच. बहुतेकांना हो की नाही एवढंच ऐकायचं असतं. नाशिकच्या इंदिरानगरहून आलेल्या एका आईची गोष्ट मात्र वेगळी होती. तिच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बसल्या बसल्या तिने पर्समधून एक चाळीस पानी वही काढून माझ्यासमोर ठेवली. पहिल्या पानावर बारीक अक्षरात नोंदी होत्या. ‘12 फेब्रुवारी, शेजवान राईस, हाफ, सिडकोतली गाडी.’ ‘3 मार्च, मंचुरियन, चार तुकडे, सूप थोडंसं.’ तीन वर्षांपूर्वीच्या गरोदरपणातल्या या नोंदी तिने जुने फोटो आणि नवऱ्याच्या फोनमधले पैसे दिल्याचे मेसेज बघून, आठवून आठवून लिहिल्या होत्या. खाली दोन रेघा मारून बेरीज केली होती: 11.

मुलगा अडीच वर्षांचा. शब्द तीन: आई, मम्म, गाई. तो बावीस महिन्यांचा असताना पहिली शंका आली आणि त्याच सुमारास घरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत आला की अजिनोमोटो म्हणजे गोड विष, पोटातल्या बाळाच्या मेंदूच्या पेशी मारतं. सासूबाईंनी तो मोठ्याने वाचला. “तरी मी सांगत होते,” एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून घरात त्यावर उघड भांडण झालं नाही, पण बोलणंही नीट झालं नाही.

“मॅडम, खरं सांगा. मीच माझ्या लेकराचं वाटोळं केलं ना?”

मी विचारलं, “कान तपासलेत का त्याचे?”

ती माझ्याकडे बघतच राहिली. कान तपासले नव्हते. बोलायला उशीर होत असेल तर सगळ्यात आधी ऐकू नीट येतंय का हे बघतात. पण आठ महिने सगळं घर त्या पांढऱ्या पावडरीपाशी अडकून पडलं होतं. दोष कुणाचा हे एकदा ठरलं की कारण शोधायचं थांबतं, आणि मला या प्रकरणात सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला असेल तर याचा. लहान मुलाचे आठ महिने फार मोठे असतात.

तपासणीची वेळ तिथेच फोन करून घेतली. तरी तिच्या प्रश्नाचं उत्तर देणं भागच होतं, कारण नुसतं “काही होत नाही हो” म्हटल्याने ती वही पर्समध्ये परत गेली असती आणि रात्री पुन्हा उघडली असती.

अजिनोमोटो हे खरं तर एका जपानी कंपनीचं नाव. पदार्थाचं नाव मोनोसोडियम ग्लुटामेट. 1908 मध्ये टोकियोत किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळाच्या सारातून ते वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. आज ते उसाची मळी किंवा मका, साबुकंदाचं स्टार्च आंबवून करतात. ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत असतं, मश्रूममध्ये असतं, चीजमध्ये असतं. पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून आलेल्या लालभडक टोमॅटोचं सार आपल्याला रुचकर लागतं, त्यात त्याचाही वाटा आहे. शरीराला टोमॅटोतलं ग्लुटामेट आणि डब्यातलं ग्लुटामेट यातला फरक कळत नाही. पचवायची रीत एकच.

हे ऐकून तिचा चेहरा काही बदलला नाही. मग मी म्हटलं, “आईच्या दुधात जी सुटी अमिनो आम्लं असतात, त्यात सगळ्यात जास्त ग्लुटामेटच असतं. तुम्ही त्याला दीड वर्ष पाजलंत ना?” तेव्हा ती पहिल्यांदा रडली. मी थांबले. अशा वेळी माहिती पुढे रेटायची नसते.

मेंदूच्या पेशींची गोष्ट तिला त्यानंतर सांगितली, कारण ती भीती अगदीच हवेतून आलेली नाही. 1969 मध्ये अमेरिकेत जॉन ओल्नी यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या पिल्लांना त्वचेखाली ग्लुटामेटची इंजेक्शनं दिली आणि त्यांच्या मेंदूला इजा झाली, हे खरं आहे. पण मात्रा होती वजनाच्या किलोमागे अर्ध्या ग्रॅमपासून चार ग्रॅमपर्यंत. 55 किलोच्या बाईच्या हिशेबाने साधारण 27 ग्रॅम ते 220 ग्रॅम, तेही थेट सुईने. आपण चिमूटभर खातो, आणि तोंडावाटे गेलेलं बहुतेक ग्लुटामेट आतड्याच्या पेशी स्वतःच इंधन म्हणून वापरून टाकतात. उरलंसुरलं वारेतून, म्हणजे पोटातल्या बाळाला आईशी जोडणाऱ्या अवयवातून, बाळापर्यंत पोचून तिथली पातळी वाढवत नाही, कारण वार ते अडवते. तिने “वार अडवते” हे दोन शब्द वहीत लिहून घेतले. मी काही म्हटलं नाही.

तिच्या नवऱ्याचं म्हणणं वेगळं होतं: त्याला चायनीज खाल्लं की डोकं जड होतं. ही तक्रारही जुनी आहे. 1968 मध्ये एका डॉक्टरने अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून असाच अनुभव कळवला. त्याने सोया सॉस, स्वयंपाकातली दारू, अजिनोमोटो, मीठ अशा बऱ्याच गोष्टींवर शंका घेतली होती. लोकांच्या लक्षात राहिलं ते अजिनोमोटो. पुढे, आपल्याला त्रास होतोच असं सांगणाऱ्या 130 जणांना, कशात काय आहे हे कुणालाही कळू न देता, कधी 5 ग्रॅम ग्लुटामेट, कधी ते नसलेलं नुसतंच फसवं पेय दिलं. 2000 मध्ये ते निष्कर्ष छापून आले: तीच लक्षणं पुन्हा पुन्हा, ठरावीकपणे दिसली नाहीत. उपाशीपोटी 3 ग्रॅम किंवा जास्त घेतलं तर काहींना थोडा वेळ डोकेदुखी, चेहरा गरम होणं असं होऊ शकतं, हे तज्ज्ञांनी मान्य केलेलं आहे. त्यामुळे मी त्याला खोटं ठरवलं नाही. ज्याला त्रास होतो त्याने टाळावं, त्यात वाद कसला?

मर्यादेबद्दल मतं थोडी वेगवेगळी आहेत. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञ समितीने 1987 मध्ये रोजची कमाल मात्रा ठरवण्याची गरजच नाही असं म्हटलं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2017 मध्ये जास्त सावध होत किलोमागे 30 मिलिग्रॅमचा आकडा दिला. 55 किलो वजनाला तो दीड ग्रॅमच्या थोडा वर जातो. सावध आकडा धरला तरी तो रोजच्या खाण्याचा, आणि तिच्या वहीत नऊ महिन्यांत अकरा नोंदी. आपल्याकडे बारा महिन्यांखालच्या बाळांसाठी ते नको, ही सूचना मी अगदी काटेकोर पाळायला सांगते. तसंही त्या वयात वरून मीठसुद्धा घालू नये.

आणि गाडीवरच्या प्लेटीत काळजी करण्यासारखं काहीच नाही, असं मी मुळीच म्हणत नाही. पुन्हा पुन्हा तापलेलं तेल, सकाळपासून उघड्यावर पडलेला भात, भडक लाल रंग, सॉसमधलं मीठ. अजिनोमोटोत सोडियम 12 टक्के, साध्या मिठात 39. रक्तदाब असलेल्या माणसाने आधी सॉसकडे आणि लोणच्याकडे बघावं.

पुढच्या आठवड्यात सासूबाई आल्या. पंचवटीतल्या जुन्या वाड्यात वाढलेल्या, साठी ओलांडलेल्या बाई. मी भांडणाच्या तयारीने बसले होते, हे कबूल करायला हवं. सुनेने वही पुढे केली. त्यांनी चष्मा लावून एकेक ओळ बोटाने वाचली आणि सातव्या ओळीवर बोट थांबलं. तिथे लिहिलं होतं: ‘आईंनी मागवलं.’

“हिला काही जात नव्हतं हो तेव्हा,” त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. “नुसत्या उलट्या. म्हटलं, एवढं तरी खाईल. मीच पाठवलं त्याला आणायला.” मग बराच वेळ गप्प. “मेसेज वाचला त्या दिवसापासून मला झोप नाही. मला वाटलं, माझ्याच हातून झालं.”

“आई, तुम्ही बोलला का नाहीत मग?”

“तू आधीच एवढी रडायचीस.”

मी त्या तासात जवळपास काहीच बोलले नाही. वारेचं सुनेनेच समजावलं, वहीत बघून.

तपासणीत मुलाच्या दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साठलेलं निघालं. त्याला पाण्यात बुडी मारल्यावर येतो तसा दबका आवाज येत होता. कानाच्या डॉक्टरांचे उपचार सुरू झाले, आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपी. उशीर केवळ त्यामुळेच झाला असं मी सांगणार नाही. मुलाचं बोलणं अनेक गोष्टींनी रेंगाळतं आणि थेरपिस्ट अजून बघतेच आहे. पण आता काहीतरी करता येत होतं.

थेरपिस्टने नवीन शब्द टिपून ठेवायला सांगितलं, तेव्हा तिने तीच वही उलटी करून मागच्या पानापासून सुरुवात केली. गेल्या भेटीत एकतीस शब्द होते. काही सासूबाईंच्या मोठ्या अक्षरात.

गाडीवरचं ती अजून खात नाही. मी आग्रह करत नाही.