रेट बघू नको, संपेल का ते बघ

प्रिय पोरी,

परवा फोनवर तू विचारलंस, मावशी खर्च आवरायला दूध कमी करू की फळं बंद करू, तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. अगं दूध कशाला कमी करायलीस, पोरगं वाढीच्या वयात आहे. तू मोबाईलमधला हिशोब पाठवलास तो मी दोनदा वाचला. काय आणलं ते पैशापैशानिशी लिहिलंयस, पण टाकलं काय त्याची एक ओळ पण नाही. आणि फरसाण, बिस्किटं, नूडल्सची पाकिटं ह्यांची बेरीज केली तर ती दुधाच्या वर जाते, तू केलीस का ती बेरीज? सगळीकडे असंच चाललंय म्हणा. सरकारच्या २०२३-२४ च्या खर्चाच्या पाहणीत शहरातल्या माणसाचे शंभरातले जवळजवळ ४० रुपये खाण्यावर जातात आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा तयार पदार्थ, चहापाणी, थंड पेयं ह्यांचा आहे. पण सगळे करतात म्हणून आपण करायचं असं तुला कुणी शिकवलेलं नाही.

मी एकच गोष्ट सांगणार आणि तीच तीच सांगणार. रेट बघू नको, संपेल का ते बघ. बेळगावात रविवार पेठेत टोमॅटो ३० रुपये किलो, गल्लीतला गाडीवाला अर्ध्या किलोला २० सांगतो, म्हणून तू पेठेतनं किलो आणतेस. बरं, त्यातले ३०० ग्रॅम मऊ पडून गेले की खाल्लेला टोमॅटो तुला ४३ रुपये किलोनं पडला, मग गाडीवाला महाग कसा? तसंच कोथिंबिरीचं, दोन पेंड्या स्वस्त मिळाल्या म्हणून आणायच्या, एक काळी पडून जाते. आणायचीच तर न धुता, मुळं काढून कागदात गुंडाळून ठेव. कांदा-बटाटा एका टोपलीत ठेवू नको, बटाट्याला कोंब येतात. आणि पावसाळ्यात आपल्याकडं हवा किती ओली असते ते माहीत असून तुम्ही जूनमध्ये दहा किलो रवा आणि डाळ भरलीत, ऑफर होती म्हणून! टोके होणार नाहीत तर काय होणार. पावसात महिन्यापुरतंच आण, संपेल तेवढंच.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालात आहे, भारतात घराघरातनं माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जातं, साली-देठ धरून. तुमची पाच माणसं, म्हणजे पावणेतीनशे किलो. साली म्हणून निम्मं सोडून दे, तरी उरलेल्याचा पैसा कुणाचा गेला? नवरा उद्यमबागेतल्या कारखान्यात ओव्हरटाईम करून आणतो तो पैसा आहे तो.

आता सासूबाई. त्या जास्तीचं शिजवतात, त्यांना बोलू कसं म्हणालीस. बोलू नकोच, मोज. त्यांचा हात पंधरा माणसांच्या घराचा आहे, पातेलं भरल्याशिवाय त्यांना बरं वाटत नाही, त्यात त्यांचा दोष नाही. माणशी अर्धी वाटी तांदूळ घे, वाटी तांदळाच्या डब्यातच ठेव. खानापूरकडचा इंद्रायणी जुना असेल तर जास्त फुगतो, नवा कमी, ते बघून घे. रेशनचा तांदूळ भाताला कुणी खात नाही म्हणतेस तर इडली-दोशाला भिजव, पडून ठेवू नको. आणि त्यांच्या खात्यात कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २००० येतात त्यातनं किराणा काय आणायचा ते त्यांनाच ठरवू दे, आपल्या पैशाचं नासलेलं कुणालाच बघवत नाही.

एक मात्र खबरदार. उरलेलं तू एकटीनं खायचं नाही. माझ्या आईनं जन्मभर शिळं खाल्लं, आम्ही गरम भाकरी खाऊन उठायचो आणि ती कालचा भात घेऊन बसायची, आणि सगळे म्हणायचे हिच्या हातनं काही वाया जात नाही. मला ते आजपण सलतं. ती गेली, आता कुणाला गरम वाढू? उरलंच तर सगळ्यांच्या ताटात जाऊ दे, भाताचं सकाळी चित्रान्न कर, पण भात रात्रभर ओट्यावर ठेवायचा नाही, दोन तासाच्या आत फ्रीजमध्ये टाकायचा आणि खाताना चांगला गरम करायचा.

भावकीत मला चिकट म्हणतात, तुझ्या कानावर आलंच असेल. जत्रेला मी फोन करून विचारते किती जण येणार, म्हणून. विचारलं तर काय चुकलं गं? माझ्या दारातनं कुणी उपाशी गेलंय का आजपर्यंत? ज्यांच्याकडं दुसऱ्या दिवशी मटणाचा रस्सा गटारीत ओततात त्यांना कुणी काही बोलत नाही, त्यांचा मान मोठा. मी नाही बदलणार, आणि तू पण लोक काय म्हणतील म्हणून जास्तीचं शिजवू नको.

तिखटाचं तेवढं वेगळं. ते वर्षाचंच करायचं, उन्हाळ्यात, बॅडगी आणि संकेश्वरी मिरची मिसळून. नीट वाळवून कोरड्या बरणीत भरलं की टिकतं आणि आपल्या घरात संपतंच. आत्तापासून महिन्याला किती लागतं ते लिहून ठेव, मिरची आणायला जाताना मला तो आकडा पाहिजे, अंदाजे पाच किलो असलं काही सांगू नको.

तुझी मावशी