जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये मुस्लिमांनी ज्यूंना लपवलं, यावर चित्रपट आहे का? आणि तो कितपत खरा?

आहे. २०११ चा फ्रेंच चित्रपट ‘ले झोम लिब्र’, दिग्दर्शक इस्माएल फेरुखी. शोधताना ‘फ्री मेन’ या नावाने शोधा.

युनूस हा अल्जेरियाहून आलेला तरुण काळाबाजार करून पोट भरत असतो. पोलीस त्याला पकडतात आणि सांगतात, सुटायचं असेल तर पॅरिसच्या मोठ्या मशिदीत काय शिजतंय ते आम्हाला कळवत जा. म्हणजे नायक सुरुवातीला चक्क खबऱ्या! मला चित्रपट इथेच आवडायला लागला. मशिदीचे प्रमुख सी कद्दूर बेनघब्रितही काही संतमहात्मे नाहीत. जर्मन अधिकाऱ्यांशी ते हसतमुखाने बोलतात, त्यांची बडदास्त ठेवतात. मायकेल लॉन्सडेलने हा माणूस असा उभा केलाय की त्याच्या मनाचा थांग लागत नाही.

आता खरं-खोटं. युनूस काल्पनिक आहे. बेनघब्रित आणि गायक सलीम हलाली ही खरी माणसं. सलीम अल्जेरियातला ज्यू, गायचा अरबीत. उत्तर आफ्रिकेतले ज्यू आणि मुसलमान बहुतेक अरबीच बोलत, नावंही पुष्कळदा सारखी, आणि सुंता दोघांचीही. त्यामुळे तपासणीत सापडलेल्या ज्यू पुरुषाला ‘मी मुसलमान आहे’ असं म्हणायची एक पळवाट होती. फक्त त्याला कागदाचा आधार हवा, आणि तो कागद मशीद देऊ शकत होती. सलीमला बेनघब्रितांनी मुसलमान असल्याचा दाखला दिला. तेवढ्यावर भागणार नाही म्हणून पॅरिसजवळच्या बोबिन्यीतल्या मुस्लिम कब्रस्तानातल्या एका बेनाव कबरीवर त्याच्या घराण्याचं नाव कोरून घेतलं. दाखल्याचा संशय येतोय? मग जा, बापजाद्यांची कबर बघून या! सलीम वाचला, आणि युद्धानंतर त्याने नावही कमावलं.

जर्मनांना याचा वास लवकर लागला होता. मशिदीतले लोक ज्यूंना खोटे दाखले देत असल्याचा त्यांना संशय आहे, असं व्हिशी सरकारच्या (जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्रेंच सरकारच्या) परराष्ट्र खात्याचं सप्टेंबर १९४० चं टिपणच आहे.

घोडं अडतं ते आकड्यापाशी. ‘मशिदीने सोळाशे-सतराशे ज्यू वाचवले’ असं सर्रास लिहिलं जातं. ते मुख्यतः एकाच माणसाच्या आठवणीवर उभं आहे आणि बहुतेक अभ्यासकांना ते पटत नाही. उलट, सरकारी खात्याने विचारल्यावर ‘अमका मुसलमान नाही’ असं मशिदीने कळवल्याचीही प्रकरणं आहेत. ज्यूंना वाचवणाऱ्यांचा गौरव करणाऱ्या याद वाशेम या इस्रायली संस्थेने बेनघब्रितांना अजून तो मान दिलेला नाही. माझं मत विचाराल तर काहींना वाचवलं हे नक्की, शेकड्यांनी वाचवलं हे सिद्ध झालेलं नाही. आणि चित्रपटही आकड्याचा बडेजाव करत नाही.

निर्विवाद उदाहरण हवं असेल तर अल्बानियाकडे वळा. तिथे रेफिक वेसेली हा फोटोग्राफीचा उमेदवार आपल्या ज्यू उस्तादाला कुटुंबासकट क्रुया इथल्या आईवडिलांच्या घरी घेऊन गेला. जर्मन जाईपर्यंत ती मंडळी तिथेच लपून होती. वेसेली कुटुंबाला याद वाशेमने १९८७ मध्ये गौरवलं.

चित्रपट बघताना सुरुवातीची वीसेक मिनिटं जरा धीर धरा, तो संथ आहे. आणि गाणी पुढे ढकलू नका.